रविवारचं दुसरं पातेलं

आमच्या घरात रविवारचं मटण मी करतो. बायको नाही, आई तर नाहीच. सहा दिवस बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत वाळू आणि धग अंगावर घ्यायची आणि सातव्या दिवशी सकाळी सातला पिशवी घेऊन खाटकाकडे उभं राहायचं. पुढचा पाय, दोन नळ्या, थोडी चरबी, आणि असली तर कलेजी. अनगोळात रविवारी दहा-साडेदहाला गल्लीतून नुसतं चालत गेलं तरी कुणाच्या घरी काय शिजतंय ते कळतं. ज्याच्या घरातून वास येत नाही त्याच्या घरी एकतर सुतक, नाहीतर उसनवारी, असा आमच्याकडचा सरळ हिशेब.

सहा माणसांना दीड किलो. शिवाय बुधवारी किलोभर चिकन. हे असंच चालत आलेलं. श्रावण आम्ही सगळे पाळतो आणि त्यात कुणाला काही जड जात नाही, कारण महिन्याने संपणार हे माहीत असतं. पण गेल्या वर्षी दिवाळीनंतर दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. ऑर्डरी घटल्या म्हणून आमचा ओव्हरटाइम बंद झाला. आणि अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या पायाचा अंगठा एका रात्रीत टोमॅटोसारखा सुजला. अंगावरच्या चादरीचा स्पर्श सोसेना. युरिक ॲसिड वाढलेलं. डॉक्टरांनी मटण अगदी कमी करायला सांगितलं, कलेजी-वजडीचं तर नाव काढायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, आणि दुसरी एक गोष्ट बंद करायला सांगितली ती अप्पांनी घरी येईपर्यंत विसरून टाकली.

गल्लीतल्या जाणत्यांनी लगेच त्यात भर घातली, डाळी पण बंद करा, कडधान्यंही बंद. मी परत जाऊन विचारून आलो. डॉक्टर म्हणाले, डाळी-कडधान्यांनी हा आजार मटणासारखा वाढत नाही, खाऊ देत. हे एक वाक्य विचारून आलो नसतो तर अप्पा वर्षभर भात आणि दुधीवर राहिले असते, आणि आम्हाला जगू दिलं नसतं.

आता माझी चूक सांगतो. मी जेवायला बसल्यावर जाहीर केलं, ‘आजपासून महिन्यातून एकदाच मटण. बुधवारचं चिकन बंद.’ कंपनीतली नोटीस वाचावी तसं. आणि पुढच्या रविवारी सोयाबीनच्या वड्या आणून त्यांना मटणाचा मसाला घातला. वड्यांत शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅमच्या वर प्रोटीन, हे पाकिटावर वाचून मी खूश. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळून घ्यायच्या असतात हे पाकिटावर होतं की नाही कुणास ठाऊक, मी काही वाचलं नाही. पोरगा एक वडी चावून म्हणाला, ‘बाबा, हे रबर हाय.’ अप्पा काही बोललेच नाहीत. ताट पुढे सरकवलं आणि म्हणाले, ‘त्यापेक्षा उपाशी निजतो की.’ बुधवारी बायकोने गुपचूप चिकन आणलं.

मटणासारखं दिसणारं काहीतरी करायला गेलो तिथेच फसलो, हे मला कळलं ते कामावर. माझ्या बाजूच्या मोल्डवर बैलहोंगलकडचा एक लिंगायत माणूस आहे. जन्मात मांस शिवलेलं नाही. वितळलेल्या धातूने भरलेलं लॅडल आम्ही दोघं धरतो आणि त्यात हात थरथरले तर ते माझे. आमच्यात मटणाशिवाय ताकद येत नाही असं म्हणणाऱ्यांना मी त्याचं मनगट दाखवणार आहे कधीतरी. त्याच्या डब्यात काय असतं ते मी आठ वर्षं बघतोय: कडक रोट्टी, मडकी काळूची पल्ल्या म्हणजे आपली मोडाची मटकी, गुरेळ्ळ चटणी म्हणजे कारळ्याची, आणि दह्याची छोटी डबी. मी त्याला म्हटलं, ‘हे रोज खाऊन कंटाळा येत नाही काय?’ तो म्हणाला, ‘तुम्ही भात रोज खाताय की. त्याचा येतोय काय?’

त्याला उत्तर नव्हतं. 2013 ला कर्नाटक सरकारची रेशनवर तांदूळ देणारी अन्नभाग्य योजना सुरू झाल्यापासून आमच्या घरात तांदळाची टंचाई नाही, आणि तशीच भाकरी कमी होत गेली. आठवडाभर ताटात भाताचा डोंगर, त्यावर पातळ आमटी, आणि रविवारी त्याची भरपाई म्हणून मटण. म्हणजे रविवार जड होता असं नाही, बाकीचे दिवस फार पोकळ होते.

त्या रविवारी मटण नव्हतं म्हणून मी स्वयंपाकघरात रिकामाच उभा होतो, आणि माझी नजर पडवीतल्या शेगडीकडे गेली. आईचं जर्मलचं पातेलं.

आईने माळ घातली तेव्हा मी सहावीत होतो. पंढरपूरहून येताना घालून आली आणि त्या दिवसापासून तिचं रविवारचं पातेलं वेगळं, पळी वेगळी, शेगडीही पडवीत. आम्ही आत रस्सा ओरपायचो आणि ती बाहेर पाटावर एकटी जेवायची. इतकी वर्षं घरात एक माणूस बिनमटणाचं जेवत होतं आणि त्याच्या ताटात काय असतं हे मी एकदाही वाकून बघितलं नव्हतं. त्या दिवशी झाकण काढलं. अख्खा मसूर. दाणा न् दाणा सुटा, पण मऊ, आणि वर लसणाची फोडणी तरंगत होती. मी पळीभर घेऊन तिथेच उभ्याने खाल्ला.

‘आई, हे तू आम्हाला का करत नाहीस?’

‘कोण विचारलंय मला?’ ती म्हणाली. रागाने नाही. कांदा सोलत होती, सोलतच राहिली.

मसूर आमच्या घरचाच म्हणायला हरकत नाही. येळ्ळूरला चुलत्यांच्या वाट्याला थोडं शिवार आहे. पावसाळ्यात भात, बासमतीही लावतात थोडं. भात कापून झालं की जमिनीत जी ओल उरते त्याच ओलीवर मसूर पेरतात, वरून पाणी नाही. दाणा बारीक, काळपट. दुकानातल्या मोठ्या मसुरापेक्षा महाग पडतो, पण चव वेगळी आणि शिजून त्याचा लगदा होत नाही. इतकी वर्षं त्यातला दोन-चार किलो आमच्याकडे येतो आणि तो सगळा पडवीत शिजत होता.

मग मी आईचा मसूर आणि माझा मसाला एकत्र आणला. हे जरा सविस्तर सांगतो, कारण दोन रविवार बिघडले तेव्हा जमलं.

मसूर तासभर भिजवायचा, जास्त नको. कुकर नको, उघड्या पातेल्यात. मटणाला घालतो तेच सगळं वाटण: दोन कांदे थेट गॅसच्या जाळावर काळे होईस्तोवर भाजायचे, सुकं खोबरं तव्यावर जवळजवळ करपू द्यायचं, तीळ, थोडी खसखस, दगडफूल, आलं-लसूण. त्यात आमची घरची कांदा-लसणाची चटणी. पहिल्या रविवारी हे सगळं केलं तरी रस्सा पाणीच लागला. तेव्हा डोक्यात आलं की मटणात हाडांचं, नळीचं जे उतरतं ते इथे नाही. त्याची जागा कशाने तरी भरायला पाहिजे. शिजलेल्यातला दोन मुठी मसूर काढून वाटणाबरोबरच बारीक वाटला आणि कांदा तेलात एरवीपेक्षा दुप्पट वेळ, तांबूस नव्हे, तपकिरी होईपर्यंत परतला. अंग आलं. तिसऱ्या रविवारी शेवटी दोन आमसुलं टाकली, आणि कट वर आला तसा अप्पांनी आतून आवाज दिला, ‘काय शिजतंय रे?’

पातेलं मात्र आईच्या अटीवर. माझ्या मटणाच्या पातेल्यात शिजलेलं ती खाणार नाही आणि तिचं पातेलं सहा माणसांना पुरत नाही. म्हणून खडे बाजारातून नवं मोठं आणलं. आईने त्याला हळद-कुंकू लावलं आणि मला बजावलं, ‘ह्यात वशाट शिजवायचं नाही. कधीच.’ मिक्सरचं भांडंही दोनदा घासून घेतलं. चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही, तेव्हा तिच्यापुरतं हिंग-खोबऱ्यावर वेगळं होतं. पण एरवी रविवारी ती आत येऊन आमच्याबरोबर बसते. पहिल्यांदा बसली तेव्हा एक घोट रस्सा घेऊन म्हणाली, ‘मीठ कमी हाय.’ खरंच कमी होतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की आईचं ताट म्हणजे आदर्श. तसं नाही. याच काळात तिच्या पायाला मुंग्या येत होत्या, चालताना तोल जायचा. वयामुळे असेल म्हणून आम्ही सोडून दिलेलं. अप्पांच्या तपासणीबरोबर तिचंही रक्त दिलं तर बी-12 पार तळाला. हे जीवनसत्त्व भाजीत नाही, डाळीत नाही. मांस-मासे, अंडी, दूध-दही यातूनच मिळतं. आणि आई अंडं खात नाही, दूध नातवंडांना देते आणि स्वतः कोरा चहा पिते. वर्षानुवर्षं. इंजेक्शनं झाली, आता गोळी चालू आहे आणि रोज वाटीभर दही मी तिच्या ताटात समोर बसून वाढतो. माळ घातलेल्या घरोघरच्या म्हाताऱ्या असंच सगळं दूध दुसऱ्यांना देत असतील, एवढं वाटून जातं.

दुसरी गोष्ट बायकोने दाखवून दिली. महिनाभर सगळं छान चाललंय असं मी समजत होतो. एका रात्री ती भांडी आवरताना म्हणाली, ‘तुमचं मटण होतं तेव्हा रविवार माझा होता. तुम्ही करत होता, मी बसत होतो. आता मटकी मी भिजवतो, मोड मी काढतो, भाजी मी निवडतो, भाकऱ्या मी थापतो. खर्च कमी झाला म्हणताय, कुणाच्या हातानं झाला वो?’ मी गप्प. मटण चिरून येतं खाटकाकडून. मेथीची जुडी कोण चिरून देतं? तेव्हापासून रविवार परत माझा, कडधान्यं भिजवायचं काम माझं, आणि बुधवारी अंडी मी उकडतो. भाकरी मला येत नाही. पोरगी शिकतेय, तिची भाकरी अजून बेळगाव जिल्ह्याच्या नकाशासारखी होते.

पोरगी दहावीत आहे आणि विज्ञानाचं पुस्तक तिला अप्पांवर वापरायला मिळालंय. डाळीतलं लोह अंगी लागायला वर लिंबू पिळा, जेवल्या जेवल्या चहा घेऊ नका, चहाने ते लागत नाही. ज्वारीत जे कमी ते मसुरात भरपूर, म्हणून दोन्ही एकत्र खा. अप्पा ऐकतात, मान डोलावतात आणि चहा मागतात. आता तासाभराने मागतात, एवढा फरक आहे.

हिशेब वहीत लिहून ठेवलाय. आधी महिन्याला चार वेळा दीड किलो मटण, किलोला साडेसातशेच्या दराने साडेचार हजार, आणि चिकनचे पावणेनऊशे. आता पहिल्या रविवारी पाऊण किलो मटण, साडेपाचशेच्या वर. मसूर दीड किलो, सव्वादोनशे. मटकी, हुलगे मिळून दोन किलो, अडीचशेच्या आत. अंड्यांचे दोन ट्रे, चारशे. नंदिनीचं रोज अर्धा लिटर जास्तीचं दूध, सातशे-सव्वासातशे. भाजी चारशेची वाढली. सगळं धरून महिन्याला अठ्ठावीसशे उरतात. ओव्हरटाइम जेवढा गेला तेवढे नाहीत. पण गॅस, शाळेची फी आणि अप्पांच्या गोळ्या निघतात. टोमॅटो महागला की गणित बिघडतं, तेव्हा आमसूल.

जे जमलं नाही तेही सांगतो. पाहुणे आले की मटण. मेव्हणा निपाणीहून आला तेव्हा मी मसूर केला होता, त्याने चांगला दोनदा मागून घेतला आणि जाताना दारात हळूच विचारलं, ‘दाजी, पैशाचं काय अडलंय काय?’ पुढच्या वेळी मी किलोभर मटण आणलं. गावची यात्रा असली की त्या दिवशी कुणी कुणाचं ऐकत नाही. गेल्या यात्रेत अप्पांनी चार ठिकाणी जेवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी अंगठा पुन्हा लाल. मी काही बोललो नाही. आई बोलली.

पोरांना मात्र सूप हवं असायचं, मटणाचं अळणी. ताटं घ्यायच्या आधी वाटीवाटीने प्यायची सवय. त्याला पर्याय म्हणून हुलग्याचं कढण केलं, तूप-जिऱ्याची फोडणी घालून. पोरगी पिते. पोरगा नाक धरून पितो.

गेल्या पहिल्या रविवारी, म्हणजे मटणाच्या रविवारी, मी दोन्ही पातेली चढवली. आईचं आधी, मग माझं. पोरांनी मटणाच्या दोन फोडी घेतल्या आणि भाकरीला रस्सा आजीच्या पातेल्यातला घेतला. बायकोनेही घेतला. अप्पांना एक फोड दिली, पुढे त्यांनीही तिकडेच हात नेला. शेवटी मटण वाटीभर उरलं आणि मसूर संपला. आई बसली तेव्हा पातेल्यात पळीला काही लागेना. दही-भात खाऊन उठली आणि हात धुता धुता मला म्हणाली, ‘पुढल्या वेळेला माझ्यापुरतं आधी काढून ठेव.’