तुम्ही विचारलंत म्हणून: बेसमेंटमधला तो फोटो

गणपतीला आलेली मंडळी आरती झाली की मुलांना शोधायला बेसमेंटमध्ये उतरतात आणि वर येताना हमखास विचारतात, "अहो, तो खाली आडवा पडलाय तो कोण? मेलाय का तो?" मेहुणा तर पूर्वी दर वर्षी विचारायचा. राहता न्यू जर्सीत, इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचे, जायंट्सचे, जिंकतानाचे ढीगभर फोटो मिळतात, मग ही काय अवदसा लावून ठेवली आहे भिंतीवर?

एकदाच नीट सांगतो.

गराज सेलमध्ये तो फोटो घेतला तेव्हा मला आडव्या माणसात काडीचा रस नव्हता. मी घेतला तो उभ्यासाठी, फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाच्या 60 नंबरसाठी. चक बेडनारिक. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यातल्या कामगाराचा पोरगा, महायुद्धात बॉम्बर विमानातून 30 मोहिमा केलेला, सीझन संपला की काँक्रीट विकणारा. 1960 साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, आक्रमणात सेंटर आणि बचावात लाइनबॅकर अशा दोन्ही बाजू खेळत होता. मला वाटायचं, माणूस असावा तर असा.

मग वडील सहा महिने राहायला आले. दुपारी वेळ जात नसे, फोटोसमोर उभे राहिले. "आणि हा पडलेला? हा काय करायचा?"

मला धड सांगता येईना. शोधलं आणि वाचून दाखवलं. फ्रँक गिफर्ड, जायंट्स, 1952 पासून. तेलविहिरींवर काम मिळेल तिकडे बिऱ्हाड हलवणाऱ्या बापाचा मुलगा. 1953 मध्ये चेंडू घेऊन पळायचा आणि दुसऱ्या बाजूला बचावातही उभा राहायचा. 1954 मध्ये विन्स लोंबार्डी आक्रमणाचे प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी त्याला हाफबॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, करून टाकलं. पळायचा, झेलायचा, वर पळता पळता पासही टाकायचा. पास टाकणं हेच ज्याचं काम तो क्वार्टरबॅक. तो नसूनही टचडाऊनचे, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे, 14 पास आहेत त्याच्या नावावर. 1956 चा सर्वोत्तम खेळाडू. त्याच वर्षी गोठलेल्या मैदानावर कॅनव्हासचे बूट घालून जायंट्सनी फायनलमध्ये शिकागोच्या बेअर्सना 47-7 धुतलं.

वडिलांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या."

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. तबला सोडला तेव्हा, इलेक्ट्रॉनिक्स सोडलं तेव्हा, टेस्टिंगमधून डेटाबेसकडे आणि तिथून सपोर्टला गेलो तेव्हा, प्रत्येक वेळी ऐकलेलं. मी उसळलो. चिंध्या? हाफबॅक, बचाव आणि पुढे फ्लँकर, म्हणजे कडेला राहून पास झेलणारा, अशा तीन वेगवेगळ्या जागांवर प्रो बोलला, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्याला, निवडला गेलेला माणूस आहे हा! वडील चहा घेऊन वर गेले. त्या दिवसापासून फोटो माझ्यासाठी आडव्याचा झाला. खरं सांगायचं तर मी गिफर्डची नाही, माझीच बाजू मांडत होतो. नाहीतर 1958 ची फायनलही वाचून दाखवली असती. पहिल्या हाफमध्ये दोनदा चेंडू हातातून सुटला, दोन्ही वेळा समोरच्या बाल्टिमोर कोल्ट्सनी टचडाऊन केलं, आणि जायंट्स ओव्हरटाइममध्ये 23-17 हरले. ते पान मी उलटलं.

आता फोटोचं. 20 नोव्हेंबर 1960, यांकी स्टेडियम. शेवटची काही मिनिटं, ईगल्स 17-10 पुढे. जायंट्सच्या जॉर्ज शॉचा पास गिफर्डने धावता धावता घेतला, नजर अजून चेंडूकडेच, आणि बेडनारिक पूर्ण वेगात त्याच्या छातीवर आदळला. चेंडू उडाला, ईगल्सच्या वेबरने अंगाखाली घेतला, सामना तिथेच संपला. बेडनारिक मूठ आवळून नाचला. तो नाच सामना जिंकल्याचा होता, खाली माणूस बेशुद्ध आहे हे मला माहीतच नव्हतं, असं तो म्हणायचा. गिफर्डला स्ट्रेचरवरून नेलं. तो टॅकल, म्हणजे आदळून पाडणं, नियमात होता, हे गिफर्डने स्वतः कायम मान्य केलं. तो सीझन गेला, 1961 पूर्ण गेलं, निवृत्ती जाहीर झाली. आणि 1962 मध्ये पठ्ठ्या परत आला. हाफबॅक नाही, फ्लँकर म्हणून. तीन सीझन खेळला.

हा 'परत आला' मी किती जणांना ऐकवला असेल! मुलालाही.

2013 मध्ये मुलगा हायस्कूलच्या संघात होता. एका संध्याकाळी सरावात डोकं आपटून पडला. मी कुंपणापाशी उभा होतो. सगळे थांबले होते आणि मी तिथून ओरडलो, "ऊठ, काही नाही झालं!" मराठीत ओरडलो, म्हणजे माझा आवाज त्याला नक्की कळावा म्हणून. तो उठला. हसलाही. घरी येताना गाडीत म्हणाला, "बाबा, आज मंगळवार ना?" मी हो म्हटलं. सिग्नलवर परत, "बाबा, आज मंगळवार ना?" मी रेडिओ लावला. बुधवारी घरी ठेवला, आणि संध्याकाळी त्याला बेसमेंटमध्ये नेऊन फोटो दाखवला. बघ, हा माणूस परत आला होता.

डॉक्टरकडे शुक्रवारी नेलं. तेही बायको नेणारच होती म्हणून.

कुणी म्हणेल, डोक्याच्या माराबद्दल तेव्हा कुठे एवढं माहीत होतं! माहीत होतं. पेपरात येत होतं, मी वाचत होतो. 2015 च्या मार्चमध्ये बेडनारिक गेला, ऑगस्टमध्ये गिफर्ड. नोव्हेंबरमध्ये गिफर्डच्या घरच्यांनी जाहीर केलं की त्याच्या मेंदूत सीटीई हा आजार सापडला, वारंवार डोक्याला बसणाऱ्या मारातून होतो तो. त्या एका टॅकलनेच झाला असं कुणी म्हणू शकत नाही. बारा सीझन होते, त्यात सुरुवातीला दोन्ही बाजूंनी खेळलेला. ज्या हरहुन्नरीपणासाठी मी वडिलांशी भांडलो, त्याचाच अर्थ असाही निघतो की गडी प्रत्येक जागेवर मार खायला हजर होता. की हेही मी आता माझ्या सोयीने लावतोय? मधली पंचवीसहून जास्त वर्षं तो सोमवार रात्रीच्या सामन्यांचं समालोचन करताना टीव्हीवर धडधाकट दिसत होताच की.

मुलगा ठणठणीत आहे, विचारणार म्हणून सांगतो. फुटबॉल त्याने त्याच वर्षी सोडलं. मी अडवलं नाही, पण 'बरं केलंस' असंही म्हणालो नाही.

फोटो मी 2015 च्या डिसेंबरमध्ये उतरवून वॉशिंग मशीनमागे ठेवला होता. गेल्या गणपतीला खाली गेलो तर परत भिंतीवर, जरा तिरका. मुलाने लावला होता. का रे, म्हटलं.

"तू काढलास तेव्हापासून सगळे विचारतात, इथे काय होतं."