आमची वाटचाल : हत्यारं, अवजारं आणि ते एक्केचाळीस दिवस

आम्ही लाकूडकामाची हत्यारं बनवतो. पटाशा, किकरं, कोरीव कामाच्या गोल पटाशांचे संच. रंधे करत नाही, कितीही मागणी आली तरी. रंध्याचं पातं बसवणं हे वेगळं शास्त्र आहे, आणि अर्धवट येणारी वस्तू विकायची नाही हा वडिलांचा दंडक.

वडील भट्टीवर, मी सहाणेवर, दोन मदतनीस मुठींवर. इतकाच आमचा पसारा होता. पातं किती तापलं हे वडील रंगावरून ओळखत. मी लोहचुंबक जवळ ठेवतो. पातं चिकटायचं थांबलं की अजून थोडी आच द्यायची, मग तेलात बुडवायचं. तेव्हा ते काचेसारखं कडक आणि काचेसारखंच ठिसूळ असतं. म्हणून पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास, वाळक्या गवताचा पिवळा रंग चढेपर्यंत. निळं पडलं तर गेलं, धार टिकत नाही. आजही माझी दहातली एखादी पटाशी निळ्यावर जाते. वडिलांची जात नसे.

धंदा ऑनलाइन नेला तो माझ्या शाळासोबत्याने. पहिली दोन वर्षं तो भागीदार होता. एका दुपारी त्याने खिडकीपाशी पांढरा कागद अंथरला, त्यावर पटाशा मांडल्या, फोटो काढले आणि समाजमाध्यमावर पेज उघडलं. नाव काय द्यायचं म्हणाला, तर मी सहाणेवरून न उठताच सांगितलं, "सुताराची हत्यारं, दुसरं काय?" पुढे त्याला नोकरी लागली, तो गेला, पेज राहिलं. नंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग आमचेच फोटो लावून दुसरं एक पेज निघालं. फोटोतल्या पात्यांवर आमचा छाप स्पष्ट दिसत होता, तो पुसण्याचेही कष्ट त्यांनी घेतले नव्हते. माल भलताच. एकाने तो घेतला आणि धार दोन दिवसांत वळली म्हणून मला शिव्या घातल्या. मी रीतसर तक्रार केली. उत्तर आलं, आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी बंद झालं ते आमचं पेज. आमच्याविरुद्ध तक्रार कुणी केली असेल याचा मला संशय आहे. पुरावा नाही, म्हणून इथे थांबतो. पण थांबताना दात-ओठ खातो, हे लपवत नाही.

त्या सकाळी मी सहा हजार नंबरच्या दगडावर एका गोल पटाशीची पाठ घासत होतो. फोन वाजला. शस्त्रांच्या विक्रीबाबतच्या धोरणाचा भंग झाल्याने खातं बंद करण्यात आलं आहे. नुसतं पेज नाही, अख्खं खातं. त्यासोबत सहा वर्षांचे मेसेज गेले, आणि आमच्या सगळ्या ऑर्डरी मेसेजमध्येच होत्या. कुणाला किती रुंदीचं पातं, कोण डावखुरा, कुणाची मूठ जाड हवी, सगळं तिथे. अठ्ठावीस ऑर्डरी अर्धवट होत्या. त्यातल्या एकोणीस जणांचे पैसे आले होते आणि त्यातल्या बहुतेकांचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. पैसे घेऊन पळाले, असं चौथ्या दिवशी कुणीतरी लिहिलंच. त्याला तिथे उत्तर द्यायचीही मला सोय नव्हती.

अपिलाचं बटण होतं. ते दाबलं, आम्ही काय बनवतो ते पानभर लिहिलं. चार मिनिटांत उत्तर आलं: आम्ही तुमच्या खात्याचा पुन्हा आढावा घेतला, निर्णय कायम आहे. सहा वर्षांचं काम चार मिनिटांत कुठल्या माणसाने पाहिलं? दुसरं अपील करता येत नव्हतं. नेमका कुठला फोटो, कुठलं वाक्य, काहीच कळवलं नाही. माझा अंदाज असा, की घोळ शब्दाचा असावा. मराठीत सुताराचंही हत्यार असतं आणि खुन्याचंही हत्यारच असतं. मागचा-पुढचा शब्द वाचणाऱ्या माणसाला फरक कळतो. यंत्राला बहुधा एकच अर्थ शिकवलेला असावा. पण हा अंदाजच. खरं कारण आजतागायत मला माहीत नाही.

आता एक गोष्ट कबूल करतो. गिऱ्हाइकाला दार मीही बंद केलेलं आहे. एकजण आला होता, दोन्ही बाजूंनी धार हवी, टोक निमुळतं हवं, आणि लांबी वीतभर. मी विचारलं, लाकूड कुठलं कोरणार? त्याला एका लाकडाचं नाव सांगता येईना. मी म्हटलं, ही सुतारकामाची वस्तू नाही, मी करणार नाही. तो भांडला, बराच वेळ उभा राहिला आणि गेला. दुकान माझं, नाही म्हणायचा हक्क माझा. मग एवढ्या मोठ्या कंपनीला तो नाही असं कुठल्या तोंडाने म्हणू? शस्त्रं विकणाऱ्यांना त्यांनी हाकललंच पाहिजे. त्यांनी ते केलं नाही तर त्या चिखलात आमच्यासारखेही बुडतात.

भाची वकिलीचं शिकते. तिला रागारागात म्हटलं, कोर्टात खेचतो. ती म्हणाली, "मामा, ते सरकार नाही." अमेरिकेत १९९६ च्या कायद्यातलं कलम २३० कंपन्यांना दुहेरी कवच देतं: लोकांनी काय टाकलं त्याची जबाबदारी सहसा त्यांच्यावर नाही, आणि सद्हेतूने काही काढलं तर त्याचीही नाही. २०२४ मध्ये टेक्सास आणि फ्लोरिडाच्या कायद्यांवरून तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की दुसऱ्यांचा कुठला मजकूर मांडायचा आणि कुठला वगळायचा ही निवडसुद्धा अभिव्यक्तीत मोडते.

मी म्हटलं, मग सगळे तिथेच जमलेत त्याचं काय? दुसरीकडे जा म्हणणं सोपं आहे. ती म्हणाली, असा वाद जुना आहे. १९४६ मध्ये त्याच न्यायालयाने कंपनीच्या मालकीच्या एका गावात पत्रकं वाटणाऱ्या बाईच्या बाजूने निकाल दिला होता. गाव लोकांसाठी खुलं आहे, मग नुसत्या मालकीवर तोंड दाबता येणार नाही. पण तो न्याय ऑनलाइन कंपन्यांना लावायला तिथली न्यायालयं तयार नाहीत.

मी गप्प झालो तेव्हा तिने दुसरा कागद काढला. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये फेसबुकच्या बाबतीत सांगितलं, की कायद्याहून कडक नियम कंपनी करू शकते, मजकूर काढू शकते, खातंही अडवू शकते. मात्र खातं अडवण्याआधी त्या माणसाला कळवायचं, कारण द्यायचं आणि त्याचं ऐकून घ्यायचं. युरोपीय संघात २०२० पासून व्यापाऱ्याची सेवा कायमची बंद करायची तर, काही अपवाद सोडून, तीस दिवस आधी कारणांसह सांगावं लागतं. आणि तिथल्या २०२२ च्या कायद्याप्रमाणे अशा तक्रारींचा निकाल निव्वळ यंत्रावर सोडता येत नाही. भारतातल्या २०२१ च्या नियमांतही तक्रार अधिकारी आहे, ठरावीक मुदत आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्याच्यावर अपील समितीसुद्धा आहे. हे मला पस्तिसाव्या दिवशी कळलं.

म्हणजे त्या वीतभर पात्यावाल्याला मी समोर उभं राहून जे दिलं, तेवढंच मी मागत होतो. नकार द्या. पण कशासाठी ते सांगा, माणसाकरवी ऐकून घ्या, आणि माझी वही, म्हणजे ते ऑर्डरींचे मेसेज, मला घेऊन जाऊ द्या.

वहीवरून आठवलं. गिऱ्हाइकांचे नंबर कागदावर लिहीत जा. मी सांगतोय म्हणून नाही, पण लिहा. पटाशी वापरून झाली की तेलाच्या फडक्याने पुसून ठेवा, तेही.

आम्ही तरलो ते काकांमुळे. काका लाकडात मूर्ती कोरतात, वडिलांच्या काळापासून आमची हत्यारं वापरतात, पूर्वी पत्राने मागवत. नवव्या दिवशी ते स्वतःच आले. हातात त्यांची जुनी गोल पटाशी, पाणी उतरलेली, म्हणजे पात्याचा कडकपणा गेलेला, धार धरत नव्हती. तिच्या मुठीवर अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय, इतका की माझा अंगठा त्यात बसत नाही. मी सवयीने म्हटलं, मूठ बदलून देतो. त्यांनी पटाशी मागेच ओढली. "पाणी तेवढं दे. मुठीला हात लावशील तर बघ."

पातं तेलात निवत होतं तोवर त्यांनी माझं रजिस्टर ओढलं आणि खिशातल्या डायरीतून नंबर उतरवायला बसले. ओळखीचे कोरणारे, त्यांचे शिष्य, शिष्यांचे शिष्य. साठ-बासष्ट नावं, प्रत्येकासमोर तो कुठल्या लाकडात काम करतो ते. संध्याकाळपर्यंत त्यांनी अकरा जणांना स्वतः फोन लावले. "पोरगं पळालेलं नाही, इथेच बसलंय," असं प्रत्येकाला सांगत होते. पैसे दिलेल्या एकोणीस जणांपैकी चौदा त्या यादीतूनच सापडले. तीन आपणहून विचारत आले. उरलेल्या दोघांचे संच अजून कपाटात आहेत, तेल लावून.

एक्केचाळिसाव्या दिवशी खातं आपोआप उघडलं. तुमचं खातं पूर्ववत केलं आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. कारण नाही. जुने बरेच फोटो गायब, त्यात सोबत्याने त्या पहिल्या दुपारी काढलेलेही. ते दुसरं पेज मात्र त्या अख्ख्या काळात चालूच होतं.

पेजचं नाव मी बदललं. आता तिथे 'लाकूडकामाची साधनं' आहे. फोटोत पात्याचं टोक डावीकडे करतो, मूठ पुढे. त्याने काही फरक पडतो का कुणास ठाऊक. ऑर्डर देताना तो शब्द लिहू नका, असं मी सगळ्यांना फोन करून सांगितलं. काकांनाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. परवा त्यांचा मेसेज आला: "ते तीन नग तयार असतील तर माणूस पाठवतो. काय ते तुला ठाऊक आहे."