आई, बंब आणि बेसबॉल

मिरजेला आमच्या मोरीबाहेर तांब्याचा बंब होता. शेंगांची टरफलं, नारळाच्या शेंड्या, जुन्या वह्या, त्याला काहीही चालायचं. एका दिवाळीच्या आवराआवरीत आईने माझा बुटांचा खोका त्यात घातला. खोक्यात काड्यापेट्यांचे छाप होते आणि बबलगमबरोबर मिळायचे ते क्रिकेटवाल्यांचे फोटो, मागे धावा छापलेले. मी दोन दिवस जेवलो नाही, असं मी सांगतो. एकच वेळ जेवला नाहीस, असं आई सांगते.

पुढे तीसेक वर्षांनी न्यू जर्सीत शेजारच्या गल्लीतल्या गराज सेलमध्ये तसाच खोका दिसला. पाच डॉलर. आत बेसबॉलच्या खेळाडूंची तसलीच फोटोकार्डं गच्च भरलेली, वर रबर बँड, आणि मेणकागदाचं एक न फोडलेलं पाकीट. बेसबॉल मला तेव्हाही बेताचाच कळत होता. पण खोका तोच होता, म्हणून घेतला. विकणारे आजोबा पैसे खिशात घालत म्हणाले, "माझी खरी कार्डं आईने फेकली. ही नंतरची, पोरासाठी घेतलेली."

इथे जुन्या कार्डवाल्यांशी बोलायला लागलं की तिसऱ्या वाक्याच्या आत आई येते. मी सैन्यात गेलो, कॉलेजला गेलो, आईने माळा साफ केला. पुढचं सांगावं लागत नाही. आणि गंमत अशी, की हा सगळा धंदा त्या आयांनीच उभा केलाय. कार्ड मुळात फुकटचं. आधी सिगारेटच्या पाकिटात यायचं, मग गमच्या. टॉप्स ही ब्रुकलिनची कंपनी गम विकायची, कार्ड ही लालूच. पोरं ती भिंतीवर आपटून जिंकायची, कपड्यांच्या चिमट्याने सायकलच्या तारांत अडकवायची. चाक फिरलं की फटफटीसारखा आवाज. उरलेली आई टाकायची. म्हणून जी थोडी राहिली ती दुर्मीळ झाली.

आया पुरल्या नाहीत तिथे समुद्र मदतीला आला. टॉप्सची १९५२ सालची कार्डं टप्प्याटप्प्याने निघाली. शेवटचा भाग बाजारात येईतो बेसबॉलचा हंगाम सरत आलेला, त्यामुळे माल पडून राहिला. ती कार्डं ज्यांनी घडवली त्या साय बर्जर यांनीच पुढे सांगितलं, की १९६० मध्ये गोदाम मोकळं करायला त्यांनी खोकीच्या खोकी कचऱ्याच्या बार्जवर चढवली आणि अटलांटिकमध्ये बुडवली. त्याच भागात न्यूयॉर्क यांकीज संघाच्या मिकी मँटल या गाजलेल्या खेळाडूचं कार्ड होतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यातलं एक १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. (ते मँटलचं पहिलं कार्डसुद्धा नव्हे, पहिलं आदल्या वर्षीचं, दुसऱ्या कंपनीचं. पण बाजाराला कोणी समजवायचं?) आम्ही उन्हाळ्यात जर्सीच्या किनाऱ्यावर भेळेचे डबे घेऊन बसतो, तेव्हा समोरच्या पाण्याकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो.

मग ऐंशीच्या दशकात घात झाला. जुन्या कार्डांचे भाव वर्तमानपत्रांत यायला लागले आणि आयांनी टाकणं बंद केलं. उलट बापच खोक्याने आणायला लागले: पोराच्या कॉलेजची सोय. टॉप्सच्या जोडीला फ्लिअर, डॉनरस, स्कोअर, १९८९ पासून अपर डेक. सगळ्यांनी मुबलक छापलं, सगळ्यांनी जपून ठेवलं आणि सगळ्यांचं मातेरं झालं. त्या काळाला इथे 'जंक वॅक्स' म्हणतात, मेणकागदातला कचरा. माझा पाच डॉलरचा खोका बरोबर त्यातला. आजोबांचा पोरगा कॉलेजात कशावर गेला, विचारलं नाही.

ते न फोडलेलं पाकीट मी एका रविवारी फोडलं. टॉप्स, १९९०. मेणकागद अजून बोटांना चिकटतो. आत गमची गुलाबी पट्टी, बोर्डावरच्या खडूसारखी; दाबली तर कट्‌कन तीन तुकडे. एक तुकडा मी तोंडात टाकला, हे मुलाने पाहिलं आणि त्याच्या आईला सांगायला धावला. चव काहीच नाही, नुसतं पीठ. गमला टेकलेल्या कार्डावर मात्र तेलकट तपकिरी डाग पडलेला, लोणच्याच्या बरणीखालच्या कागदावर पडतो तसा. याच डागांपायी जमवणारे कुरकुरायला लागले आणि पुढे एक-दोन वर्षांत गम गेला. बाळ गेलं आणि बारसं उरलं.

आता हा डाग म्हणजे महापाप. कार्ड पीएसएसारख्या कंपनीकडे पाठवायचं. ते कोपरे, कडा, छपाई तपासून दहापैकी मार्क देतात आणि प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून परत धाडतात. दहा आले तर सोनं, नऊ आले तर घरात सुतक. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये तीस हजारांवर बेसबॉल कार्डं आहेत, सिरॅक्यूजच्या जेफरसन बर्डिक नावाच्या इलेक्ट्रिशियनने दिलेली. संधिवाताने आखडलेल्या बोटांनी या गृहस्थाने ती स्वतः वह्यांत चिकटवली. चक्क गोंदाने! हे सांगितलं तेव्हा मुलाच्या तोंडून शब्द फुटेना.

आई टाकत नाही म्हटल्यावर टंचाई आणायची कुठून? ती आता कारखान्यातच तयार होते. हे कार्ड नव्व्याण्णवच छापलं, हे दहा, हे एकच. टोप्या आणि जर्सी विकणाऱ्या फॅनॅटिक्सने २०२२ च्या सुरुवातीला टॉप्सचा कार्डांचा धंदाच विकत घेतला. आता मोठ्या लीगमध्ये खेळाडू पहिला सामना खेळतो तेव्हा त्याच्या बाहीवर खास बिल्ला असतो. सामना संपला की तो काढून एका कार्डात बसवतात. जगात एकच. पिट्सबर्गकडून खेळणाऱ्या पॉल स्कीन्सचं असं कार्ड लॉस एंजेलिसच्या अकरा वर्षांच्या मुलाला नाताळच्या पाकिटात निघालं. पिट्सबर्गच्या संघाने त्याबदल्यात तीस वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली. घरच्यांनी ते लिलावात काढलं, अकरा लाख डॉलरच्या वर गेलं. मला विचाराल तर मी तिकिटं घेतली असती. पण मला कोणी विचारत नाही, आणि तीस वर्षं पिट्सबर्गला जाणार कोण.

आमचा मुलगा तर पाकीटही हातात घेत नाही. फोनवर कुणी अनोळखी माणूस लाइव्ह पाकिटं फोडतो. याने पैसे भरून एक संघ घेतलेला असतो, त्या संघाची निघतील ती कार्डं याची. बहुतेक वेळा निघत नाहीत. मी याला मटका म्हणतो. तो म्हणतो, "बाबा, यू डोन्ट गेट इट." मग आम्ही दोघं मिळून बघतो.

या दिवाळीला आई इथे होती. देवघरातला चौरंग एका पायावर डुगडुगत होता, समई हलत होती. मी ऑफिसातून येईतो तिने बंदोबस्त केला होता: खोक्यातलं एक कार्ड चार घड्या घालून पायाखाली. मुलगा ओरडला, "आजी! ते मिंट होतं, एकदम कोरं!"

"कितीचं होतं रे?"

त्याने फोनवर शोधलं. बराच वेळ शोधलं. "टेन सेंट्स," तो पुटपुटला.

"मग आणखी एक दे," आई म्हणाली. "एकाने भागत नाहीये."