बुडालेली तिवई

भरदुपारी पावसाची सर येते, दोरीवरचे कपडे धावतपळत आत येतात आणि त्यातला एखादा ओला सदरा हमखास ट्रायपॉडवर जाऊन बसतो. माहितीपटवाल्यांच्या घरात ही ठरलेली जागा. वरचं हेड, म्हणजे कॅमेरा बसवायचा फिरता भाग, काढून ठेवलेलं, तिन्ही पाय फाकवलेले, मधल्या दांड्यावर कॉलर. माठाखालच्या तिवईला जेवढा मान असतो, तेवढाही त्याला घरात नसतो.

तो सदरा बघितला की मुलाखतींमधला नेहमीचा प्रश्न आठवतो: ‘तुमच्यावर कोणत्या चित्रपटांचा प्रभाव?’ नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. पण माहितीपटवाले स्वतःचं कूळ आनंदाने सांगतात. चार परदेशी नावं, एक देशी, एक कुणी न पाहिलेलं. त्या याद्यांत विषय असतात, भूमिका असते, करुणा तर असतेच. माझा काही त्यांच्यावर विश्वास बसत नाही. कुणी कुणाकडून काय उचललं, ते हातात बघावं. कॅमेरा कसा धरलाय, शॉट कुठे कापलाय, माणसापासून किती फुटांवर उभं राहिलंय. आणि बरेचदा ते कुणाच्या तरी अडचणीतून आलेलं असतं.

फ्रेंच माहितीपटकार झ्याँ रूश यांचा ट्रायपॉड बुडाला. १९४६-४७ मध्ये दोन मित्रांबरोबर हा पुलांचा इंजिनिअर नायजर नदीतून होडीने निघाला. बरोबर बेल अँड हॉवेलचा १६ मिलिमीटरचा कॅमेरा, घड्याळासारखी चावी देऊन चालणारा. नदीच्या खळाळात ट्रायपॉड गेला, आणि पुढचं सगळं हातात धरून करणं आलं. चावीच्या कॅमेऱ्याचा हिशोब असा: शंभर फुटांचा रोल २४ फ्रेमच्या वेगाने पावणेतीन मिनिटांत संपतो, पण एका चावीत शॉट मिळतो जेमतेम पंचवीस सेकंदांचा. मग थांबायचं, कान पिळल्यासारखी चावी पिळायची, तेवढ्यात पुढचा शॉट कुठून घ्यायचा ते ठरवायचं. म्हणजे निम्मं संपादन नदीकाठीच उरकलं. वर या कॅमेऱ्याचा आवाज शिवणयंत्रासारखा, त्यामुळे संवाद जागच्या जागी घेण्याची बातच नको.

हातात धरायलाही रीत आहे. कोपर बरगडीला टेकलेलं, गुडघे किंचित वाकलेले, पाऊल आधी टाचेवर. उजवा डोळा व्ह्यूफाइंडरला, डावा उघडा, कारण चौकटीत आता कोण शिरणार ते त्यालाच आधी दिसतं. लेन्स रुंद हवी, म्हणजे जास्त दृश्य चौकटीत घेणारी. १० मिलिमीटरला हात हलला तरी चालून जातं. तोच हात ७५ मिलिमीटरला समुद्र लागल्यासारखा डोलतो. मात्र रुंद लेन्स लावली की लांब उभं राहून भागत नाही. चेहरा हवा तर तीन फुटांवर जावं लागतं, आणि तीन फुटांवर गेलं की समोरच्याशी बोलावंच लागतं. ‘जवळिकीचा सिनेमा’ म्हणून जे पुढे वाखाणलं गेलं, त्यात तत्त्वज्ञान किती आणि लेन्स किती, हा हिशोब कुणी मांडत नाही.

आता गंमत अशी, की रूश ज्याला गुरू मानत, तो ट्रायपॉडच्या हेडचाच भक्त होता. लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेला ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) हा बर्फाळ उत्तरेतल्या शिकाऱ्यावरचा माहितीपट रूश यांच्या मनातून कधी गेला नाही. तो बनवणाऱ्या रॉबर्ट फ्लाहर्टींनी कॅनडात हडसन उपसागराकाठी नेले होते ते एक्लीचे दोन कॅमेरे. कार्ल एक्ली हा संग्रहालयासाठी मेलेले प्राणी जिवंतासारखे उभे करणारा माणूस. त्याने पळत्या जनावरामागे फिरेल असं हेड बनवलं: आडवं नि उभं फिरवणं एकाच हालचालीत, तेही विनाझटका. शिवाय वंगणाला तेलाऐवजी ग्राफाइट. थंडीत तेल घट्ट होऊन यंत्र आखडतं, ग्राफाइटला त्याचं काही नाही.

त्याआधी १९१६ मध्ये टोरांटोला संपादन करताना फ्लाहर्टींच्या सिगरेटने सुमारे तीस हजार फूट निगेटिव्ह जळून खाक झाली होती. नायट्रेट फिल्म ती, पेटली की विझवता येत नाही. प्रिंट उरली होती, पण ती त्यांना स्वतःलाच आवडेना. नुसतं हे बघा, ते बघा. १९२० मध्ये परत गेले, ते एकाच कुटुंबाच्या मागे राहायचं ठरवूनच. फिल्म धुवायला नदीचा बर्फ फोडून पाणी आणलं जाई, त्यात अंगावरच्या कातड्यांचे हरणाचे केस पडत. विजेच्या दिव्याचा उजेड कमीजास्त होई, म्हणून खिडकीत फ्रेमएवढं भोक ठेवून दिवसाच्या उजेडावर प्रिंट काढली. उजेड जास्त वाटला तर मलमलीचा तुकडा आड धरायचा.

इग्लूची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक. नेहमीचा बारा फुटांचा इग्लू, म्हणजे बर्फाचं घुमटाकार घर, कॅमेऱ्याला पुरेना, म्हणून पंचवीस फुटांचा बांधायला घेतला. बर्फाच्या खिडक्यांतून उजेड पुरेना, म्हणून अर्धा घुमटच कापून टाकला. त्या अर्ध्या घरात नॅनूकचं कुटुंब झोपलं आणि उठलं, आणि बाहेरचा सगळा गारठा आत. नॅनूक हेही त्याचं नाव नव्हे. अल्लाकारिअलाक हे खरं नाव. प्रभावांच्या यादीत हे नाव कुणी घालत नाही.

रूश यांनी यातलं हेड उचललं नाही, घुमट कापणं तर नाहीच. उचलली ती एक सवय: काढलेलं ज्यांचं त्यांना दाखवायची. फ्लाहर्टी वॉलरसच्या शिकारीचं चित्रण तिथल्याच झोपडीत लावत आणि बघणारे पडद्यावरच्या शिकाऱ्याला ओरडून मदत करत. रूश यांनी पाणघोड्याच्या शिकारीचा माहितीपट नायजरकाठच्या शिकाऱ्यांना दाखवला. ऐन शिकारीच्या प्रसंगात त्यांनी शिकाऱ्यांचंच वीरश्रीचं संगीत हौसेने घातलेलं. प्रेक्षकांचा आक्षेप साधा होता. हे संगीत काढा, पाणघोडा पळून जाईल. शिकारीत गप्प राहायचं असतं. पार्श्वसंगीताबद्दल यापेक्षा शहाणं काही माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.

फ्लाहर्टींच्या नावाने त्यांच्या पत्नीने सुरू केलेल्या परिसंवादात, १९५९ मध्ये, रूश यांना कॅनडाचे मिशेल ब्रो भेटले. रुंद लेन्स घेऊन गर्दीच्या आत चालत जाणारा कॅमेरावाला. पुढच्याच उन्हाळ्यात पॅरिसमध्ये ‘क्रॉनिकल ऑफ अ समर’ या माहितीपटाचं काम चालू असताना रूश यांनी त्यांना बोलावून घेतलं. नदीत बुडालेल्या ट्रायपॉडची जागा आता ब्रोंच्या सरावलेल्या पावलांनी भरून काढली.

मुळात ट्रायपॉड बुडून चालणं ही चैन चावी आल्यानंतरची. त्याआधी कॅमेरा हाताने फिरवावा लागे. ल्युमिएर बंधूंच्या यंत्राला सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला आठ फ्रेम, १७ मीटर फिल्म, पन्नासेक सेकंद, खेळ खलास. एक हात दांड्याला अडकलेला, मग कॅमेरा धरणार कोण? मुंबईत ७ जुलै १८९६ला वॉटसन हॉटेलात याच यंत्राचे खेळ झाले. त्या खेळांनी झपाटलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, विलायतेहून २१ गिनींना कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. तिथे तिवई जागची हलणार नव्हती. मल्ल चौकटीबाहेर गेला तर गेला. हात मंदावला तर पडद्यावर कुस्तीच जोरात पळणार.

आपल्याकडे अडचणीची शैली करण्यात माहितीपटकार आनंद पटवर्धन वस्ताद. १९७४च्या बिहार आंदोलनाचं बरंच चित्रण सुपर ८ वरचं, म्हणजे हौशी लोकांच्या छोट्या फिल्मवरचं. ते पडद्यावर टाकायचं आणि समोर १६ मिलिमीटरचा कॅमेरा लावून पुन्हा टिपायचं. यात प्रोजेक्टरच्या आणि कॅमेऱ्याच्या शटरचा ताल जुळला नाही की चित्र धडधडतं. मध्यभाग उजळतो, कडा काळवंडतात, फिल्मचा दाणा फुगतो. लॅटिन अमेरिकेतल्या चळवळीच्या सिनेमाशी त्यांचं नातं सांगितलं जातं, ते बरोबरच आहे. पण नातं ओळखू येतं ते आधी त्या दाण्यावरून.

आता संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्थिर शॉट हलवून देणारं बटण असतं. महागड्या ट्रायपॉडवर घेतलेला शॉट पडद्यासमोर बसून थरथरवायचा, कारण ‘जरा डॉक्युमेंटरीसारखा वाटू दे.’ पुढच्या पिढीच्या यादीत हे बटण कोणत्या नावाने येईल कोण जाणे.

सर कधीच थांबली. सदरा वाळलाय. कॉलरला मात्र स्क्रूचा गंज लागलाय, तो काही निघायचा नाही.