शेंडीचा नारळ

परवा दुपारी गुरुवार पेठेत पंचहौदापाशी एका वाण्याकडे नारळ घ्यायला थांबलो, म्हणजे बायकोने फोनवर सांगितलं म्हणून थांबलो, आणि त्याने मान वर न करता विचारलं, "सोललेला देऊ का शेंडीचा?" आता चटणीचा नारळ, त्याला शेंडी असली काय नि नसली काय, पण मी पटकन शेंडीचा म्हणून बसलो. पलीकडे चर्चपाशी पोरं नाताळची चांदणी बांधत होती, एक शिडीवर आणि चारजण खालून 'डावीकडे घे, अरे डावीकडे' करणारे, आणि मला एकदम नगरच्या सिस्टर आठवल्या.

सिस्टर म्हणजे आमच्या शेजारच्या. दवाखान्यात नर्स होत्या म्हणून अख्खी गल्ली सिस्टर म्हणायची, त्यांचं खरं नाव मला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. कुणाला इंजेक्शन द्यायचं असलं की ड्युटीवरून येता येता त्या घरात डोकावायच्या, तिथेच स्टोव्हवर सुई उकळून घ्यायच्या आणि काम झालं की निघायच्या, पैसे कधी घेतले नाहीत. आमच्या आजीलाही त्याच टोचायच्या. आजीचं सोवळं कडक, पण सुईला विटाळ नसतो असं तिने आपलं आपणच ठरवून टाकलेलं. खाण्याला मात्र असायचा.

नाताळात त्यांच्याकडून फराळाचं ताट यायचं. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, सगळं आपलंच, फक्त आमचे डबे दिवाळीनंतर पंधरा दिवसांत खडखडाट झालेले असायचे म्हणून ते जास्त गोड लागायचं. वर क्रोशाचा रुमाल. आणि ताटात नाही, दुसऱ्या हातात वेगळा धरलेला एक नारळ, चांगला शेंडीचा. "हा आजींना." बस, एवढंच. फराळ आजी खाणार नाही हे त्यांना माहीत होतं, मग तिच्यावर नाही म्हणायची पाळीच कशाला आणा. नारळाच्या आतलं कुणी शिवलेलं नसतं आणि शेंडी काढलेला नारळ देवापुढे चालत नाही, दोन्ही हिशेब त्यांनी करून ठेवलेले. मला तेव्हा वाटायचं आजीचे काय लाड चाललेत, आम्हाला नाही कधी अख्खा नारळ!

आता विचार केला की लाज वाटते जरा. शेजारधर्म शेजारधर्म म्हणून आमच्या घरात फार बोललं जायचं, पण पाळत एकट्या सिस्टरच होत्या. आणि जिथे उभं राहून मी हे आठवत होतो ती जागा तर बघा. १८९० साली याच पंचहौदाच्या ख्रिस्ती मिशनमध्ये पुण्यातल्या बड्या मंडळींनी चहा घेतला आणि त्यावरून केवढं ग्रामण्य झालं, म्हणजे वाळीत टाकण्याचा तंटा, रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एक कप चहा हो. आमची आजी त्या मानाने बरीच पुढारलेली म्हणायची, तिने नारळापर्यंत मजल मारली.

एका नाताळच्या सकाळी सिस्टर मला त्यांच्या मुलांबरोबर चर्चला घेऊन गेल्या. मी इंग्रजी गाणी ऐकायच्या तयारीने, आईने पावडर-बिवडर लावून दिलेली, आणि तिथे बघतो तर पेटी-तबला आणि अस्सल मराठी भजन. चाल अशी की आमच्या गल्लीतला एखादा वारकरी सहज टाळ घेऊन बसला असता. ती गाणी रेव्हरंड टिळकांची, हे पुढे कळलं. नारायण वामन टिळक, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले, आणि लक्ष्मीबाई त्यांच्या मागून पाच वर्षांनी. बायकोला नवऱ्याच्या देवापर्यंत यायला पाच वर्षं लागली आणि तोवर घरात काय काय झालं असेल ते झालं असेल, आमच्या आजीला त्यात फार रस. लक्ष्मीबाईंचा विषय निघाला की ती एरवी न वापरायचा मऊ आवाज काढायची.

चर्चला ते लोक मंडळी म्हणतात, मला हा शब्द फार आवडला होता, 'आमची मंडळी'. मग अर्पणाची थैली आली, जांभळी मखमली, दोन्ही बाजूंना लाकडी दांडा. सिस्टरने माझ्या हातात दहा पैसे ठेवले आणि कानात सांगितलं, मूठ मिटून आत घालायची, आत गेल्यावर उघडायची. कुणी काय टाकलं ते कुणाला दिसता कामा नये. मी एवढी खोल घातली की कोपरापर्यंत बाही आत गेली.

त्यानंतर प्रीतिभोजन. पटांगणात पंगत, रस्त्याने जाणारा कुणीही येऊन बसायचा आणि कोण कुठला विचारायची पद्धत नव्हती. दरवर्षी जिलबी असते असं सिस्टरच्या पोरांनी मला सांगून ठेवलेलं, पण ते १९७२ चं साल. नगर जिल्ह्यात विहिरींचे तळ दिसत होते, माणसं खडी फोडायला जात होती आणि रेशनवर ती अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी, मिलो, मिळायची, जिची भाकरी थापताना आई रोज अमेरिकेच्या नावाने बोटं मोडायची. तर जिलबी नाही, मिलोच्या भाकऱ्या आणि पातळ आमटी. पण पंगत एवढी लांब गेली की फाटकाबाहेर वळली. एक म्हातारा आमटी पिऊन झाल्यावर द्रोण हातात धरून नुसताच बसून राहिला होता, सिस्टर आल्या, न विचारता परत भरला आणि पुढे गेल्या. पुढच्या वर्षी पाऊस पडेल की नाही यावर वाढपी एकमेकांशी ओरडून बोलत होते, पडणारच म्हणे, जिलबीची ऑर्डर आत्ताच देऊन ठेवा. सगळी पंगत हसली.

त्याही वर्षी आजीचा नारळ आला. कुठून पैदा केला देव जाणे. छोटासा, काळपट, पण शेंडी शाबूत. संध्याकाळी बाबांनी तो देवापुढे फोडला आणि अख्ख्या घरात वास सुटला. आतून पार कुजलेला. बाबा म्हणाले, टाकून दे गं तो. आजीने हात जोडले, म्हणाली, "देवाला पावला."

मग उठली, परसात गेली आणि भिंतीपलीकडे हाक मारली. आमची आजी खोटं बोलायची नाही, निदान आमच्यादेखत तरी नाही. "सिस्टर, नारळ गोड निघाला हो! अगदी शहाळ्यासारखा."

"मग वड्या पाठवा की आजी!"

आजी अडकली. क्षणभरच. "कुठल्या वड्या, या मेल्यांनी फोडल्या फोडल्या खोबरं संपवलं."

सिस्टरने भिंतीवरून मान काढून माझ्याकडे बघितलं. मी खोबऱ्याचा तुकडाही पाहिला नव्हता, तरी मान खाली घातली.

वाण्याने नारळ कानापाशी हलवून दाखवला, पाणी चांगलं वाजत होतं. आणलाय घरी. चटणीचं काय झालं असं आतून दोनदा विचारून झालंय.