खाऱ्या लोण्याचा क्विन्यामान

केकची नाहीतर पेस्ट्रीची कुठलीही पाककृती काढा, बटर अनसॉल्टेड हवं ही अट ठरलेली. आमच्या दादरच्या घरी फ्रिजमध्ये बारा महिने असतं ते पिवळं, खारं अमूल. त्यामुळे फ्रेंच बेकिंगचे व्हिडिओ बघता बघता क्विन्यामान नावाचा लोणी-साखरेचा पदरदार केक समोर आला, त्यात लोणी खारंच पाहिजे असं बजावलेलं ऐकलं, आणि मी सरसावून बसले.

फ्रान्सच्या पार पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तिथलं द्वार्नने हे तारल्यांच्या मासेमारीसाठी नावाजलेलं बंदर. क्विन्यामान तिथलाच, साधारण १८६० सालचा. श्रेय इव्ह-रेने स्कोर्दिया या बेकरीवाल्याला देतात. दुकानातला माल संपला, गिऱ्हाइकं दारात, मग त्याने हाताशी होतं ते पावाचं पीठ, लोणी आणि साखर एकत्र केली, असं सांगतात. अंडं नाही, व्हॅनिला नाही, सुकामेवा नाही. मला हे फार आवडलं.

खाऱ्या लोण्यामागचं कारण तर त्याहून भारी. राजेशाहीत फ्रान्सच्या बऱ्याच भागांत मिठावर गाबेल नावाचा जबर कर होता. ब्रिटनीला त्यातून सूट होती, शिवाय किनाऱ्यावर मिठागरं. मीठ स्वस्त, म्हणून लोणी टिकवायला ते सढळ हाताने पडायचं. १७९० साली क्रांतीच्या धामधुमीत कर गेला, पण ब्रिटनीची जीभ खाऱ्या लोण्यालाच धरून राहिली. हे वाचताना मला आमच्या जवळचं वडाळा आठवलं. १९३० साली तिथल्या मिठागरांवर सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या त्या मिठाच्या कायद्यापायीच.

असो, स्वयंपाकघरात येऊ. जुनं प्रमाण ४० टक्के मळलेलं पीठ, ३० टक्के लोणी, ३० टक्के साखर. मी हात जरा आखडता घेते. २५० ग्रॅम मैदा, चमचाभर इन्स्टंट यीस्ट, चिमूटभर मीठ, १६० मिली पाणी. पीठ मळून तासभर फुगू द्यायचं, मग फ्रिजमध्ये. अमूलच्या १०० ग्रॅमच्या दोन वड्या बटर पेपरमध्ये ठेवून लाटण्याने ठोकायच्या आणि सपाट चौकोन करायचा. साखर २०० ग्रॅम.

आता मुंबईचा प्रश्न. लोणी तिशीच्या वर पारा गेला की ढिलं पडतं आणि पदर एकमेकांत मिसळतात. म्हणून मी हे जानेवारीत, सकाळी लवकर करते. बर्फ भरलेलं स्टीलचं ताट ओट्यावर दहा मिनिटं ठेवायचं, मग ग्रॅनाइट कोरडा पुसायचा आणि त्यावर लाटायचं. लोण्याचा चौकोन पिठात गुंडाळायचा, लांबट लाटून तिपदरी घडी, अर्धा तास फ्रिज, पुन्हा लाटून घडी, पुन्हा फ्रिज. सासूबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, हा तर चिरोट्याचा साटा!" अगदी बरोबर. फक्त इथे साटा थंडगार हवा आणि पिठात यीस्ट आहे.

साखर शेवटच्या घडीत. हे महत्त्वाचं आहे. साखर पिठातलं पाणी ओढते, आणि आपल्या दमट हवेत तर बघता बघता चिकट पाक व्हायला लागतो. म्हणून ओटीजी आधीच २०० अंशांवर तापलेला हवा. साखर पसरायची, घडी घालायची, कडा खाली दुमडून गोल करायचा, लोणी लावून साखर भुरभुरलेल्या आठ इंची टिनमध्ये बसवायचा (माझा क्रॉफर्ड मार्केटचा आहे), वर सुरीने चौकटी पाडायच्या आणि थेट आत. टिनखाली ट्रे ठेवा, कारण लोणी बाहेर येतंच.

पंचवीसेक मिनिटांनी काचेतून बघा. कडेने लोणी आणि साखर एकत्र खदखदत असते, आधी फिकट, मग मधाच्या रंगाची, मग तांबूस. आतला पाव जणू त्या पाकातच तळला जातो. चाळीस मिनिटांनी वरची बाजू गडद तपकिरी झाली की काढायचा आणि जास्तीत जास्त पाच मिनिटांत ताटात उलटा करायचा. गार झाला तर कॅरॅमल टिनला असं धरतं की सुटता सुटत नाही.

तळाचा थर काचेसारखा कडकडीत, मधे ओलसर, मऊ पदर, आणि प्रत्येक घासाला गोडाच्या मागून येणारं मीठ. बिनमिठाच्या लोण्याने हा पदार्थ नुसता गोडमिट्ट होईल, हे पहिल्याच घासाला पटलं. सासूबाईंनी दुसरा तुकडा स्वतःहून घेतला. मुलाने कडेचे कुरकुरीत तुकडे वेचून खाल्ले, मधला भाग आम्हाला.

हल्ली बेकऱ्यांमधून मफिनच्या साच्यातले एकेकट्याचे छोटे क्विन्यामान जास्त दिसतात. दिसायला सुबक, पण मी मोठा गोलच करा म्हणेन. त्यातच मऊ आणि कडक दोन्ही नीट मिळतं. खायचा त्याच दिवशी, कोमट. उरलाच तर दुसऱ्या दिवशी ओटीजीमध्ये पाच मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको, कुरकुरीतपणा पार जातो.