काकू आता बॅचला येणार

सोमवार, रात्री

काकूंनी आज व्यायाम शिकवण्याच्या फीचं पाकीट हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून मी तुझ्या संध्याकाळच्या बॅचलाच येत जाईन. घरी नको आता." मी बरं म्हटलं. चहा घेतला, गाडी काढली. आसरा चौकापर्यंत काही वाटलं नाही. सात रस्त्याला सिग्नलवर थांबले तेव्हा एकदम घसा दाटून आला. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतोय हेही कळलं नाही.

पैशांचं म्हणावं तर तसं नाही. जेवताना दादाने ताटावरच हिशोब मांडला. पर्सनलचे, म्हणजे घरी जाऊन एकेकीला शिकवण्याचे, पैसे कमी झाले, पण जुळे सोलापूरचं जाणं-येणं वाचलं, पेट्रोल वाचलं, सकाळचा एक तास मोकळा झाला आणि बॅचमध्ये एक बाई वाढली. "तोटा कुठाय सांग की!" खरंच कुठे नाही. पर्सनलला माणसं मिळतात ती ऑफिसच्या आधी नाहीतर ऑफिसनंतर. म्हणजे विकायला पहाटेचे तीन-चार तास आणि संध्याकाळचे तेवढेच. ते भरले की पुढे वाढायचं कसं? फी वाढवायची, तर सोलापुरात ती किती वाढवणार? त्याच एका तासात पंधराजणी समोर असल्या तर प्रत्येकीला परवडतं आणि हॉलचं भाडंही निघतं. हॉल घेताना अण्णांना हे मीच समजावलं होतं. त्यांनी तेव्हा जे ऐकवलं ते आज नको.

मग दुखतंय काय?

दारात चपला घालताना मी विचारलं होतं, "काही कमी पडलं का काकू?" त्या म्हणाल्या, "छे गं. तिथं बायका हसतात. तू हॉल दाखवायला नेलंस ना, तेव्हापासून मनात आहे."

बायका हसतात. दिवसभर हेच दोन शब्द घेऊन फिरतेय. दुपारी कन्ना चौकात टॉवेल घ्यायला गेले तरी तेच. म्हणजे इतके महिने माझ्यासोबतच्या त्या तासात हसू नव्हतं? मी आकडे मोजते, गुडघा आत वळतोय का बघते, श्वास रोखू नका म्हणते. सुरुवातीला सोफ्यावरून हाताचा आधार न घेता उठता येत नव्हतं त्यांना. खुर्चीवर दोन उशा ठेवून उठबस सुरू केली, मग एक उशी काढली, मग दुसरी. पुढे पाण्याच्या बाटल्या आल्या. आता दहा किलोचं केटलबेल, ते मुठीचं लोखंडी वजन, जमिनीवरून पाठ सरळ ठेवून उचलतात. ज्या दिवशी पहिल्यांदा उचललं, त्या दिवशी त्यांनी काकांच्या फोटोकडे बघितलं होतं. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

आणि मला वाटत होतं, हे सगळं माझ्यामुळे आहे. मी नसले तर थांबेल.

दुपारभर स्वतःला समजावत होते की काळजी वाटतेय ती त्यांच्या तब्येतीची. ते खोटंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे सांगितलंय त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हे सगळ्याच मोठ्या माणसांसाठी आहे. पण पासष्टीच्या पुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही सांगितलेत, कारण त्या वयात पडणं फार महागात पडतं. घरी काकू एका पायावर उभ्या राहायच्या तेव्हा माझा तळहात त्यांच्या कोपराखाली असायचा. बॅचमध्ये तो कुठून आणू? तिथे स्पीकर चालू, पोरींना झुंबा हवा, घाम निघाला की व्यायाम झाला असं त्यांना वाटतं. मध्ये मी स्क्वॉटचे सेट घेते तेव्हा निम्म्याजणी घड्याळाकडे बघतात. स्नायू वयाबरोबर झिजत जातात, वजन उचललं तरच टिकतात, हे किती वेळा सांगितलं तरी शेवटी प्रश्न येतोच, "मॅडम, पोट कधी कमी होणार?"

काळजी खरी आहे. पण सिग्नलवर घसा दाटला तो काळजीने नव्हे. काकूंना माझ्याहून दुसरं काही जास्त हवंसं वाटलं, म्हणून दाटला. लिहिल्यावर जरा मोकळं वाटतंय.

त्या आणखी एक म्हणाल्या होत्या, ते आत्ता आठवतंय. त्यांचा पुतण्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, उंच जड नंदीध्वज पेलतो. आधी कितीतरी दिवस सराव चालतो त्यांचा. मी कौतुकाने म्हटलं, केवढी ताकद असेल त्याची! तर काकू म्हणाल्या, "एकट्याचं काम नाही ते. भोवती माणसं असतात म्हणून तो पेलतो." तेव्हा मी नुसतं हो हो केलं आणि पुढचा सेट सुरू केला.

बॅचचं मला माहीत नव्हतं असं कुठे आहे? "गड्डा झाल्यावर येते" म्हणणाऱ्या दरवर्षी असतात. त्यातल्या ज्या एकट्या येतात त्या परीक्षा आणि लग्नसराई लागली की गळतात. ज्या शेजारणीला घेऊन येतात त्या टिकतात, कारण एक नाही आली तर दुसरी खालून हाक मारते. गेल्या मे महिन्यात पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. मी बॅच बंदच करणार होते. बायकांनीच आपसात ठरवून वेळ पहाटेची केली आणि मला कळवलं. पाणी येण्याच्या दिवशी कोण उशिरा येणार तेही त्यांचं त्यांनाच माहीत असतं. हे मी एकटी कुणाच्याही घरी जाऊन देऊ शकत नाही, कितीही नीट शिकवलं तरी. काकूंचं घर मोठं आहे आणि दिवसभर त्यात त्या एकट्या असतात. मी जायचे, तास झाला की निघायचे. त्यांनी बरोबर ओळखलंय त्यांना काय हवंय ते. वाईट वाटतंय, वाटू दे. होईल कमी.

सकाळचा तो तास बँकेतल्या मॅडमना द्यायचा की नाही, हे ठरत नाहीये. त्या लगेच हो म्हणतील, पैसेही पूर्ण देतील. पण आईची मान डोळ्यांसमोरून जात नाही. मांडीवर सूप घेऊन वर्षानुवर्षं खाली बघत विड्या वळल्या तिने, आणि आमच्या गल्लीत घरोघरी तेच. त्यांना सकाळी कारखान्यात माल द्यायला जायचं असतं, तेव्हा सकाळ उपयोगाची नाही. त्यांची बॅच दुपारी जमेल का? फी काय सांगणार? आई म्हणते कुणी येणार नाही. बघू.

आधी काकूंचं. बॅचच्या सुरुवातीची दहा मिनिटं आता सगळ्यांनाच तोलाचे व्यायाम द्यायचे, पोरींनाही, म्हणजे त्यांना एकटीला वेगळं उभं केल्यासारखं वाटणार नाही. जागा भिंतीजवळ, खिडकीच्या गजाला हात पोचेल अशी. शेजारी कोपऱ्यावरच्या अक्कांना उभं करायचं, त्या बडबड्या आहेत आणि त्यांचाही गुडघा तसलाच आहे. हॉलवर दोन लाकडी खुर्च्या लागतील, हात नसलेल्या. प्लास्टिकच्या खुर्च्या फरशीवर सरकतात. दादाला सकाळीच सांगते.